बिळाची आवक-जावक

बीळ जावकरावांना सापडलं ते एका मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता, आणि सात वाजून अठरा मिनिटांनी त्यांनी त्याची नोंद केली. मधली तीन मिनिटं ते नुसते बघत उभे होते. तसेच आणखी थोडं बघून, मान हलवून पुढे गेले असते, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण खिशात वही आणि वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन घेऊन हिंडणाऱ्या माणसाला तेवढी बुद्धी सुचत नाही.

बीळ तसं साधंच होतं. ओढ्याच्या चढावर, काटेरी झुडपाच्या आडोशाला, जेवणाच्या ताटाएवढं तोंड. तोंडाशी ताजी माती बाहेर लोटलेली. जावकराव गुडघे टेकून वाकले, टोपी पडली ती उचलली, परत वाकले. आत अंधार होता आणि अंधारातून ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. म्हणजे आत कुणीतरी होतं. पण कोण?

आता हे जावकराव कोण, तेवढं सांगून टाकतो. एका मोठ्या कचेरीत ते चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या लिफाफ्यावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, आत धाडायचा. आतून आलेल्यावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, बाहेर धाडायचा. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. आत काय लिहिलंय हे बघणं त्यांचं काम नव्हतं. एकदा लाखेने बंद केलेलं एक पाकीट मोठ्या साहेबांच्या नावाने आलं. साहेबांनी ते वाचलं, कोट अंगात चढवला, जिना उतरले आणि पुन्हा त्या कचेरीत दिसले नाहीत. काय होतं त्या पाकिटात? नंबर विचाराल तर जावकराव झोपेतून उठून सांगतील. आतलं मात्र आजतागायत ठाऊक नाही. अशी चौतीस वर्षं तुंबलेली उत्सुकता घेऊन माणूस निवृत्त झाला, की त्याला एकट्याला रानात सोडू नये.

नगरपालिकेने नेमकं तेच केलं. पाण्याच्या टाकीमागे शहराच्या मालकीचं एकवीस एकरांचं राखीव रान आहे. ते सांभाळायला पालिकेकडे माणसं नव्हती, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की रान नगराचं, तर नगरानेच ते बिनपगारी सांभाळावं. अर्ज मागवले. निवड झालेल्यांना ‘मानद रानसेवक’ असा हिरवा बिल्ला, कुठल्याच डोक्याला न बसणारी टोपी आणि सव्वीस नियमांची पुस्तिका मिळाली. ती पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला शहरातला एकमेव माणूस म्हणजे जावकराव. ज्याने लिहिली त्यानेही वाचली असेल असं वाटत नाही. जावकरावांच्या वाट्याला पट्टा क्रमांक चार आला, टाकीच्या भिंतीपासून ओढ्यापर्यंत. आठवड्यातून दोनदा फिरायचं, पिशव्या-बाटल्या वेचायच्या, तण उपटायचं आणि महिनाअखेर अहवाल द्यायचा. पहिल्या अहवालात त्यांनी एकशे बारा बाटल्या लिहिल्या होत्या, रंगवारीसह.

बिळाची बातमी घरी येताच त्यांनी बायकोला सांगितली. ती निवृत्त परिचारिका, बाळंतपणाच्या वॉर्डातली. निम्मं शहर तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे सारे तिला सिस्टर म्हणत. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि कुणीतरी राहत असेल, असं म्हणून विषय संपवला. जावकराव तेच तर विचारत होते की कोण राहत असेल. त्यावर सिस्टर म्हणाल्या की आपल्या घरात कुणी गुडघे टेकून डोकावलं तर ते तुम्हाला चालेल का, याचा आधी विचार करा.

शेजाऱ्यांकडे मात्र उत्तरांचा सुकाळ होता. पलीकडच्या बंगलीत निवृत्त बँक मॅनेजर राहत. बोलायला लागले की समोरचा माणूस अजून रांगेतच उभा आहे असं वाटायचं. त्यांनी परसात काकड्या लावल्या होत्या आणि त्या काकड्या हल्ली रोज एक-दोन अशा नाहीशा होत होत्या. चोर कोण हे त्यांचं ठरलेलं होतं: कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला, कारण त्याची गच्ची परसावर उघडत होती. बीळ घुशीचं आहे, असं मॅनेजर ठामपणे म्हणाले. त्यांनी ते बघितलं नव्हतं, पण बघून मत बनवणाऱ्यांपैकी ते नव्हतेच. चष्मेवाला म्हणाला साप, आणि बोलल्याबरोबर कपाटातून दुर्बीण काढून जावकरावांच्या गळ्यात अडकवली. तिच्यातून आठवडाभर जावकरावांना स्वतःच्या पापण्या फार जवळून बघायला मिळाल्या.

शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने जायचं ठरवलं. एक नवी वही आणली, पानांवर नंबर घातले, मधोमध रेघ मारली, डावीकडे ‘आवक’ लिहिलं, उजवीकडे ‘जावक’. बिळात जे जाईल ते डावीकडे, जे बाहेर येईल ते उजवीकडे. प्रत्यक्ष कुणी दिसत नव्हतं, म्हणून बिळाच्या तोंडाशी चाळणीने पीठ भुरभुरायचं आणि सकाळी ठसे वाचायचे. चाळणी कुठे गेली, हे सिस्टरना तिसऱ्या दिवशी कळलं.

पहिल्या दिवशी पिठात जो ठसा उमटला तो मोठा, खोल आणि टाचेकडे झिजलेला होता. जावकराव अर्धा तास थरारले होते, मग आपला बूट त्यांनी ओळखला. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या आणि पीठच घेऊन गेल्या. जावकरावांनी ‘जावक: पीठ, सर्व’ अशी नोंद केली. तिसऱ्या दिवशी मात्र ठसे उमटले. चार बोटं, पुढे नखांची टिंबं. मॅनेजर म्हणाले कुत्र्याचे. चष्मेवाला म्हणाला सापाचेही असू शकतात, आणि मग गिऱ्हाईक आलं म्हणून आत गेला.

तीन आठवड्यांत वहीत आवक सतरा झाली आणि जावक अकरा. म्हणजे सहा जण आत शिल्लक. हा हिशेब जावकरावांनी जेवताना मोठ्या गांभीर्याने मांडला, तेव्हा सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ती सहा जणं तुम्ही घरी चहाला येता तेव्हा बाहेर पडतात, एवढं त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. जावकराव दुखावले. चौतीस वर्षांत त्यांच्या वहीची बेरीज कधी चुकली नव्हती, आणि इथे एक बीळ त्यांना दाद देत नव्हतं.

इथे त्यांनी दुसरी चूक केली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. नियम एकोणीस म्हणतो की रानसेवकाने प्राण्यांच्या वसतिस्थानात हात, काठी, पाणी किंवा धूर घालू नये, शंका असल्यास कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. जावकरावांनी केली. ‘सदर बिळात कोण राहते याची माहिती मिळावी, ही विनंती.’ पत्र उद्यान विभागाला होतं. पण आयुष्यभर ज्याने एकट्या दुकट्या कागदाला बाहेर जाऊ दिलं नाही, त्या माणसाचा हात तिथे थांबेना. पत्राच्या तळाशी त्याने सवयीने लिहिलं, ‘प्रत माहितीसाठी रवाना’, आणि खाली पालिकेच्या सातही विभागांची नावं घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाणीपुरवठ्याचं उत्तर चार दिवसांत आलं: सदर ठिकाणी आमची नळवाहिनी नाही. दिवाबत्तीने कळवलं की तुमची मागणी प्रतीक्षायादीत घेतली आहे. ज्यांना पत्र होतं त्या उद्यान विभागाने आजवर उत्तर दिलेलं नाही. आणि पुढच्या मंगळवारी सकाळी, अतिक्रमण विभागाचे साहेब हातात खळीचा डबा घेऊन जातीने हजर झाले.

हे साहेब सुकडे, सभ्य आणि अतिशय कामसू होते. त्यांच्या विभागाला बऱ्याच दिवसांत कुणी आपणहून पत्र लिहिलं नव्हतं. त्यांनी ओढ्याच्या चढावर चढून बीळ बघितलं, फुटपट्टीने मोजलं, शेजारी एक फळी ठोकली आणि तिच्यावर नोटीस डकवली. नोटीस ‘सदर बिळातील भोगवटादार’ यांना उद्देशून होती. पालिकेच्या जागेत विनापरवाना खोदकाम करून वास्तव्य केल्याबद्दल सात दिवसांत जागा खाली करावी, अन्यथा बीळ खडी-सिमेंटने बुजवण्यात येईल. नोटीस घ्यायला भोगवटादार बाहेर आला नाही, म्हणून दोन पंचांच्या समक्ष ती चिकटवल्याचं लिहावं लागलं. पंच म्हणून मॅनेजर आणि चष्मेवाला आले. एकमेकांकडे न बघता दोघांनी सह्या केल्या.

जावकरावांचीही सही लागली, ‘तक्रारदार’ या शब्दापुढे. आपण तक्रार केलीच नाही, फक्त विचारलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “काका, नुसतं विचारणं असा कागद आमच्याकडे येतच नाही. आमच्याकडे तक्रार येते आणि आम्ही कारवाई करतो. तुम्ही एवढ्या सात प्रती धाडल्या, त्याअर्थी त्रास बराच असणार.”

जावकरावांनी सही केली. मॅनेजर जाताना त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की एवढी धडाडी तुमच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी सिस्टर पहिल्यांदा बीळ बघायला आल्या. फळी बघितली, नोटीस वाचली, मग पिठावरचे ठसे बघायला खाली बसल्या. बराच वेळ बसून राहिल्या. मोठ्या ठशांच्या मागे त्यांनी बोटाने दाखवलं तिथे बोराएवढे ठसे होते, पुसट, एकावर एक पडलेले. जावकरावांनी ते आजवर पिठाच्या गुठळ्या समजून सोडून दिले होते.

“आत बाळंतीण आहे,” सिस्टर म्हणाल्या.

जावकराव वळले आणि फळीवरची नोटीस पुन्हा वाचू लागले.

घरी आल्यावर चपला काढताना सिस्टर म्हणाल्या, “अडतीस वर्षं मी त्या वॉर्डात काढली. एकीलाही ओल्या अंगाने घराबाहेर काढलेलं मला खपलं नाही, मग समोर सासू असो की डॉक्टर. आणि माझ्या घरातून कागद गेला. कागद तुम्ही धाडलात, तो तुम्हीच थांबवा.”

एवढं बोलून त्यांनी चाळणी घासायला घेतली. ती स्वच्छच होती.

जावकरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपल्याला उत्सुकता होती, एवढीच आपली चूक, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण ज्याला ते बघायला निघाले होते त्याच्याच घरावर त्यांनी नांगर फिरवायला काढला होता, हे काही लपत नव्हतं. त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते अतिक्रमण विभागात हजर होते. तक्रार मागे घ्यायची आहे, म्हणाले. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि अत्यंत आदराने सांगितलं की एकदा नंबर पडलेला कागद मागे येत नाही. हे जावकरावांना कुणी सांगायला नको होतं. चौतीस वर्षं तेच वाक्य त्यांनी स्वतः शेकडो माणसांना तोंडावर ऐकवलं होतं. खिडकीच्या अलीकडे ते इतकं कडू लागतं याची त्यांना कल्पना नव्हती.

मग त्यांनी पुढे काय होणार ते विचारलं. साहेबांनी बोटांवर मोजत सांगितलं. मंगळवारी जागेवर पंचनामा. रानटी जनावर निघालं तर पिंजरा आणि गाडी. घूस निघाली तर औषध. दोन्हींपैकी काहीही झालं तरी शेवटी खडी-सिमेंट.

“आणि आत कुणीच नसलं तर?” जावकरावांनी विचारलं.

“मग ते अतिक्रमण कसलं? नुसता खड्डा. खड्डे आमच्याकडे येत नाहीत,” साहेब म्हणाले. “पण तसं तक्रारदाराने जागेवर जबाबात सांगावं लागेल. आणि हो, ती तुमची वही आणा. मॅनेजरसाहेब म्हणत होते, फार चोख ठेवली आहे.”

चोख ठेवली होती हीच तर पंचाईत होती.

रविवारी पहाटे सिस्टरनी थर्मास भरला आणि दोघं रानात गेली. सकाळी एकत्र बाहेर पडायची त्यांची ही कितीतरी वर्षांतली पहिलीच वेळ. इतकी वर्षं एकाची ड्यूटी सुटली की दुसऱ्याची लागायची. ओढ्याच्या पलीकडे एका दगडावर दोघं बसली. जावकरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, सिस्टरनी ती काढून घेतली आणि नुसतं बघा म्हणाल्या. मग उजाडता उजाडता टाकीच्या भिंतीकडून ती आली. कोल्हीण होती. अंग बारीक, कान उभे, पोट खाली लोंबलेलं, आणि तोंडात आडवी धरलेली एक हिरवीगार काकडी. नोटिशीच्या फळीपाशी ती थांबली, फळी हुंगली, इकडेतिकडे बघितलं आणि बिळात शिरली. आतून बारीक कुईकुई ऐकू आली.

जावकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर ज्याचा नुसता वास येत होता ते समोर आलं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आत काय आहे ते कळलं होतं.

“मॅनेजरची काकडी,” सिस्टर कुजबुजल्या. “चष्मेवाला बिचारा उगाच बदनाम झाला.”

पण जावकराव ऐकत नव्हते. त्यांचं पेन चालू झालं होतं. पान एकतीस, डावी बाजू: ‘आवक: कोल्हीण, एक. सोबत काकडी, एक.’ सिस्टरनी बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारभर घरात एकच विषय होता. सिस्टर म्हणत होत्या पान फाडा. जावकराव तीनदा वही घेऊन बसले, पान चिमटीत धरलं आणि तीनदा सोडून दिलं. नंबर घातलेल्या वहीचं पान फाडणं त्यांच्या हातून व्हायचं नव्हतं. मंगळवारी वही घरी विसरल्याचं सांगा, असं सिस्टरनी सुचवलं. जावकराव वही विसरले यावर या शहरात कोण विश्वास ठेवेल, हे त्यांनाही कळत होतं. अखेर एकतीस पानांची ती चोख वही काखोटीला मारून ते मंगळवारी रानात गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. सिस्टर सोबत होत्या.

चढावर सगळे जमले होते. साहेब, मॅनेजर, चष्मेवाला आणि खडी-सिमेंटची ढकलगाडी घेऊन आलेले पालिकेचे दोन गवंडी. साहेबांनी वही मागितली. लिहायला टेबल नव्हतं म्हणून मॅनेजरांनी पाठ पुढे केली. साहेबांनी त्यांच्या पाठीवर पंचनाम्याचा कागद ठेवला, एका हातात वही धरली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अक्षर वाटोळं, खाडाखोड नाही. साहेब प्रत्येक पानाला ‘वा’ म्हणत होते. असा पुरावा त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता. ‘आवक: ठसे, चार बोटी.’ ‘आवक: ठसे, चार बोटी, पुसट.’ गवंडी आपसात घमेली मांडू लागले.

साहेब, मॅनेजर, चष्मेवाला, सगळ्यांची पाठ बिळाकडे होती. बिळाकडे तोंड दोघांचंच, जावकरावांचं आणि सिस्टरचं. आणि साहेब चोविसाव्या पानावर असताना बिळातून एक नाक बाहेर आलं. नाकामागून तोंड, तोंडामागून डोक्यापेक्षा मोठे कान. पिल्लू उन्हात आलं, बसलं, उठलं आणि फळीपाशी जाऊन नोटिशीच्या सुटलेल्या कोपऱ्याला चावलं. खळ गोड लागली असावी. ते पुढचे पाय रोवून कागद ओढायला लागलं. टर्रकन आवाज झाला.

एका गवंड्याने मान वर केली. चष्मेवाला वळू लागला. सिस्टरनी जावकरावांचा दंड घट्ट धरला.

“साहेब, ही सगळी वही खोटी आहे,” जावकराव मोठ्याने म्हणाले.

माणसांचं लक्ष वेधायला ढोल-ताशांची गरज नसते. शेजारचा सभ्य माणूस चारचौघांत स्वतःची शोभा करून घ्यायला निघाला, की कुणाची नजर हलत नाही. सगळ्यांची तोंडं जावकरावांकडे वळली, मॅनेजरसुद्धा वाकलेली पाठ सरळ करून उभे राहिले.

“खोटी म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“म्हणजे घरी बसून लिहिली. बीळ रिकामं आहे. कुणी आत गेलं नाही की बाहेर आलं नाही. निवृत्त झाल्यापासून वेळ जात नाही, टेबल नाही, शिक्का नाही. कुणी विचारत नाही. म्हणून नोंदी रचल्या. पीठही मीच सांडलं, ठसेही बोटांनी मीच काढले.”

हे त्यांनी एका दमात सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज खरोखरच कापला, कारण अर्धं खरं होतं. वेळ जात नव्हता. कुणी विचारत नव्हतं. त्यांच्यासमोर फळीपाशी कागद टरटर फाटत होता आणि ते नजर साहेबांच्या गुंडीवर ठेवून बोलत होते.

साहेबांचा विश्वास बसेना. इतकं सुंदर अक्षर खोटं असेल हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. त्यांनी पानं भराभर उलटली आणि शेवटची नोंद मोठ्याने वाचली.

“आवक: कोल्हीण, एक. सोबत काकडी, एक.”

मॅनेजर हसायला लागले. ते गुडघ्यांवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “कोल्हा काकडीला राजी,” ते धापा टाकत म्हणाले, “म्हण ऐकली आणि नोंद करून मोकळे झाले. अहो, निदान कोंबडी तरी लिहायची.” चष्मेवाला हसला, गवंडी हसले, साहेबही तोंडावर वही धरून हसले. शहरात एकट्या मॅनेजरच्या काकड्या चोरीला जात होत्या आणि सगळ्यांत जास्त तेच हसत होते. त्या गदारोळाने पिल्लू दचकलं आणि नोटिशीचा खालचा तुकडा तोंडात धरून, सहीशिक्क्यासकट, आत पळालं.

साहेबांनी पंचनामा पुरा केला. बीळ रिकामे. तक्रार निराधार. प्रकरण बंद. गवंडी खडी-सिमेंट घेऊन परत गेले. फळी उपटताना साहेबांना नोटीस अर्धीच दिसली, पण वाऱ्याने फाटली असेल, असं ते स्वतःच म्हणाले.

मग त्यांनी जावकरावांकडे हात पुढे केला. नियम तेवीस: खोटा अहवाल देणाऱ्या रानसेवकाचा बिल्ला जमा करून घ्यावा व त्यास एक वर्ष रानात प्रवेश देऊ नये. साहेबांनी पुस्तिका काढली होती, पण जावकरावांना ती पाठच होती. त्यांनी बिल्ला काढून दिला. टोपी ठेवा म्हणाले साहेब, पण जावकरावांनी तीही दिली. चौतीस वर्षांत एक खोटी नोंद न केलेला माणूस सबंध वहीभर खरं लिहून खोटा ठरला, आणि चढावरून उतरताना मागून मॅनेजरचा आवाज येत होता, काकडी एक, काकडी एक.

आठवडाभर त्यांनी बाहेर तोंड दाखवलं नाही. पेपर, खिडकी, पेपर. चष्मेवाल्याने दुर्बीण परत न्यायला आल्यावर मुद्दाम काकडीची चौकशी केली. जावकरावांना रागही येत नव्हता. त्यांना एकच गोष्ट खात होती, की आता पुढचं कळणार नाही. एकच पिल्लू त्यांनी बघितलं होतं. कुईकुई एकाची नव्हती. मग किती होती? आणि ती सगळी बरी होती का, मोठी होत होती का? हे विचारायला कुणाला पत्रही लिहिता येत नव्हतं. पत्रांचं त्यांनी कानाला खडा लावून सोडून दिलं होतं.

पट्टा क्रमांक चार रिकामा झाला म्हणून पालिकेने अर्ज मागवले. एकच अर्ज आला. उद्यान विभागातल्या बाई सिस्टरच्याच हातावर जन्मलेल्या होत्या, तेव्हा बिल्ला तासाभरात मिळाला.

पुढच्या मंगळवारी सकाळी सिस्टर टोपी घालून एकट्या रानात गेल्या. जावकराव फाटकाशी उभे राहिले, आत आले, परत फाटकाशी गेले. साडेआठला सिस्टर परतल्या तेव्हा मॅनेजर कुंपणापलीकडे वेलांना पाणी घालत होते. त्यांनी हाक मारून विचारलं, काय सिस्टर, काय म्हणतंय रिकामं बीळ? रिकामंच आहे, सिस्टरनी न थांबता सांगितलं, आणि महिन्याच्या अहवालातही त्यांनी पुढे तेच लिहिलं.

घरात आल्यावर त्यांनी दार लोटलं, हातपाय धुतले आणि वॉर्डाबाहेर बाकावर ताटकळलेल्या बापांना इतकी वर्षं जे सांगितलं ते त्याच आवाजात नवऱ्याला सांगितलं.

“बाळं-बाळंतीण सुखरूप. तीन आहेत.”

जावकराव खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांच्या तोंडावरचं हसू हटेना. वही समोरच्या टेबलावर होती, पेन वहीला बांधलेलंच होतं. त्यांनी काहीही लिहिलं नाही.